किल्ली सापडत नाही

१९९६ सालचा दसरा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या दवाखान्याच्या तळघरात संगणकापुढे उभी होते आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. किल्ली सापडत नाही.

“सर, बंद करून परत चालू करते.”

“करा,” उमरीकर सर म्हणाले.

केला. तीच ओळ.

किल्ली म्हणजे डोंगल. काडेपेटीएवढा करडा ठोकळा, एका अंगाला पिना, दुसऱ्या अंगाला भोकं. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरची केबल लागते तिथे तो खोचायचा. तो जागेवर असेल तरच आमचं सॉफ्टवेअर उघडायचं. एकाने विकत घेऊन दहा जणांना नकला वाटू नयेत म्हणून कंपनीने लावलेलं ते कुलूप होतं.

वरच्या मजल्यावर कौसाबाई गर्जे पाठीवर निजून होती. चाळिशीची बाई, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. डॉ. काझींनी सकाळी कमरेखाली भूल देऊन तिच्या पोटात तीन पोकळ नळ्या बसवल्या होत्या आणि त्या हलू नयेत म्हणून भोवती जाळीच्या पट्ट्या घट्ट भरल्या होत्या. या नळ्यांतून किरणोत्सारी इरिडियमचा एक दाणा आत जायचा. भाताच्या शितापेक्षा लहान. ठरल्या जागी ठरले तेवढे सेकंद थांबायचा आणि परत मशीनमध्ये यायचा. कुठे किती थांबायचं हे काढणं आमचं काम, उमरीकर सरांचं आणि माझं. दवाखान्यात आम्ही दोघेच फिजिसिस्ट होतो. खरं तर अख्ख्या जिल्ह्यात दोघेच. नळ्यांचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे आले की संगणक हा हिशेब चहा पिऊन होईपर्यंत करून द्यायचा. तोवर बाईने हलायचं नाही.

मी डोंगल काढून उजेडाकडे धरला. एका भोकातून लाल मुंगी बाहेर आली, माझ्या अंगठ्यावर चढली आणि मनगटाकडे निघाली.

“अगंबाई! सर, यात मुंगी कशी गेली?”

सर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. ते सणाच्या आसपास धोतर नेसून यायचे, वरून पांढरा ॲप्रन. दवाखान्यातल्या पोरी हसायच्या. ते म्हणायचे, “किरणांना कपडे दिसत नाहीत.”

मी मुंबईला फोन लावला. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत सबनीस म्हणून एक तरुण होता, नेहमी हसून बोलणारा.

“पिना स्पिरिटने पुसा, मॅडम.”

“पुसल्या.”

“दुसऱ्या संगणकाला लावून पाहा.”

“ऑफिसातल्या संगणकाला लावली. तिथेही नाही.”

“मग गेली किल्ली. पडली होती का? ओल वगैरे?”

मी रिसीव्हर खाली धरून सरांना विचारलं. सर म्हणाले, “सुट्टीत तर बंदच होतं सगळं.”

“सबनीस, कोड देता येईल का? फोनवर सांगा, मी टाइप करते.”

“कोडची आवृत्ती वेगळी येते, मॅडम. ती घेतली असतीत तर मी आत्ता आकडे वाचून दाखवले असते आणि तुमचं काम सुरू झालं असतं. तुमच्या आवृत्तीला कोड माहीतच नाही. तिला किल्लीच लागते. मेलेली किल्ली इकडे पाठवा, बदली बाहेरच्या देशातून येईल. तीन आठवडे धरा.”

“सबनीस, बाईच्या पोटात नळ्या आहेत.”



“माझ्याकडे एक जरी जिवंत किल्ली असती ना, मॅडम, मी स्वतः घेऊन निघालो असतो,” तो म्हणाला. “पण तरी उद्याच पोचलो असतो.”

मी फोन ठेवला. सर भिंतीकडे बघत होते. काय आठवत असतील ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत आमची जुंपली होती. कंपनीने दोन्ही पर्याय पुढे केले होते, किल्ली नाहीतर कोड. मी कोडच्या बाजूची. काही बिघडलं तर एका फोनवर काम होईल, हे माझं म्हणणं. सरांना ते अजिबात पटलं नव्हतं. “पावसाळ्यात आपला फोन आठवडा आठवडा मुका असतो, शेटेबाई. आणि कोड त्या एका संगणकाला चिकटलेला. उद्या संगणक जळला की कोड मेला, परत त्यांच्या दारात उभं राहा. किल्ली कशी, काढली आणि दुसऱ्या संगणकाला लावली. आपली वस्तू आपल्या खिशात. उसन्या शब्दावर रोगी टांगायचा का?” त्यात खोटं काही नव्हतं. किल्लीच आली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी ती काढून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवत, सकाळी स्वतःच्या हाताने लावत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

डॉ. काझी खाली आले. उंच, घाईत चालणारे. जिना उतरतानाच त्यांचा आवाज यायचा.

“काय झालं? तिची भूल दुपारी उतरेल. हिशेबाचा कागद कुठाय?”

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले.

“मागच्या वेळचे आकडे टाका. हिची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळचे आहेत ना?”

“मागच्या वेळचे आकडे म्हणजे मागच्या वेळचं पोट,” सर म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदा नीट बोलले. “नळ्या दर वेळी वेगळ्या बसतात.”

“थोडंफार इकडेतिकडे.”

मी बाजूची फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. “हे बघा डॉक्टर. मधली नळी या वेळी मागे कललीय. आतड्याची भिंत इथे आहे, बोटभरही अंतर नाही. मागचे आकडे टाकले तर आतडं भाजेल. भोक पडलं की जन्मभर लघवी-संडासचे हाल. अशी बाई घरात कुणी ठेवत नाही.”

काझींनी तोंडावरून हात फिरवला. “मग काढतो नळ्या. पुढच्या आठवड्यात परत भूल देऊ.”

“किल्ली तीन आठवड्यांनी येईल.”

“तीन तर तीन.”

“तोवर ती कुठे असेल?”

काझींनाही ठाऊक होतं. आमच्या भागात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कौसाबाईची टोळी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती, थेट कर्नाटकच्या हद्दीपर्यंत, ती गुढीपाडव्याला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिचा नवरा बाजीराव जिन्याच्या पायरीवर बसून होता. सकाळी मला म्हणाला होता, “अर्धा कोयता मुकादम नेत नाय, बाई. तिला आज मोकळी करा. मंग ती फडात वाढ्याच्या पेंढ्या बांधायला बसंल, मी तिला वाकू देत नाय.” ही तिसरी वेळ चुकली तर पहिल्या दोन वेळांचा उपयोग फारसा नव्हता. अर्धवट दाबलेला हा आजार पाडव्याची वाट बघत नसतो.

“हाताने काढू,” मी म्हणाले.

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“संगणक यायच्या आधी काढतच होतो ना, सर? तुम्हीच शिकवलंत मला.”

“तेव्हा एका बाईला दिवस लागायचा.”

“तुम्हाला दिवस नाही,” काझी म्हणाले. “चार वाजेपर्यंत मी थांबतो. त्यानंतर पट्ट्या ढिल्या होतात, नळ्या सरकतात, मग तुमचे आकडे बरोबर असूनही चूक. चारला काढणार म्हणजे काढणार.”

आमच्या खात्यात सरांनीच घातलेला एक दंडक होता. हिशेब दोघांनी करायचा, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांचा कागद न बघता. शेवटी आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तरच मशीन चालवायचं. संगणक आल्यावरही एकाने काढलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय सर मशीनची चावी देत नसत. एकदा खुद्द ट्रस्टच्या अध्यक्षांच्या वहिनीला त्यांनी अर्धा दिवस ताटकळत ठेवलं होतं, कारण मी रजेवर होते.

फिल्मच्या दोन-दोन प्रती काढल्या आणि आम्ही बसलो. मी तळघरात, सर शेजारच्या डार्करूमच्या बाहेरच्या टेबलावर. आलेख कागद, पट्टी, कॅल्क्युलेटर, इरिडियमचा तक्ता. दाणा जिथे जिथे थांबणार त्या प्रत्येक जागेपासून मूत्राशय किती लांब, आतडं किती लांब, गाठ किती लांब, हे दोन फिल्मवरून मोजायचं. मग प्रत्येक जागेचा वाटा काढून बेरीज. बेरीज आवडली नाही की सेकंद बदलायचे आणि परत पहिल्यापासून.

सिस्टर रणनवरे मधूनमधून खाली येत होत्या. ठेंगण्या, कडक, गळ्यात क्रूसाची बारीक साखळी. त्या दारातूनच बोलायच्या, आत यायच्या नाहीत, जणू आमच्या बेरजेला त्यांचा धक्का लागेल.

“भूल उतरली. इंजेक्शन दिलंय.” परत थोड्या वेळाने, “दात खाती पण ओरडत नाही. ओरड म्हणलं तर म्हणती, नळ्या हलत्यात.” पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन बश्या होत्या. “खा. उपाशीपोटी गणितं चुकतात.” बश्यांत आदल्या दिवशीची जिलबी होती. मी खाल्ली. सरांनी खाल्ली नाही. त्यांच्या बशीला मुंग्या लागल्या तशी त्यांनी ती एकदम ढकलून दिली, ती टेबलावरून खाली पडली.

साडेतीनला मी कागद पुरा केला. आतड्याचा आकडा फार वर येत होता, म्हणून मधल्या नळीतल्या दोन जागांचे सेकंद मी कमी केले आणि बाजूच्या नळ्यांवर वाढवले. सरांचा कागदही झाला होता. दोन्ही शेजारी ठेवले.

जुळत नव्हते. थोडे नाहीत, फार. माझ्या हिशेबात आतडं धोक्यात होतं. सरांच्या हिशेबात आतडं अगदी निवांत आणि मूत्राशय भाजत होतं. त्यांनी मधली नळी तशीच ठेवली होती. त्यांचा कागद खरा असता तर मागे भोक पडण्याची भीतीच नव्हती. माझा खरा असता तर त्यांच्या आकड्यांनी बाईचा सत्यानाश झाला असता.

“सर, कुणाचं चुकलं?”

त्यांनी दोन्ही कागद पाहिले. ओठ हलत होते. तेवढ्यात काझी आले.

“झालं?”

सरांनी दोन्ही कागद परत शेजारी ठेवले.

“झालं का, सर?”

“शेटेबाई,” सर म्हणाले, “माझा कागद फाडा.”

“का?”

“माझं डोकं आज ठिकाणावर नाही. सकाळपासून नाही.” ते खुर्चीवर बसले, अगदी कडेला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. “खंडेनवमीला किल्ली घरी नेली होती मी.”

“घरी कशाला?” काझी म्हणाले.

“पूजेला.”

काझींनी माझ्याकडे पाहिलं. सर सांगू लागले.

“वडील तारमास्तर होते. नवमीच्या आदल्या दिवशी तारयंत्राची किल्ली सोडवून घरी आणायचे. पितळेची होती. ताम्हनात ठेवून पंचामृताने आंघोळ, मग ऊन पाण्याने, मग गंधफूल. म्हणायचे, वर्षभर हिच्यामुळे जेवतो. ती किल्ली त्यांच्यामागे तीन तारमास्तरांना पुरली. यंदा मला वाटलं, आपलीही किल्लीच आहे. मशीन काही घरी नेता येत नाही.” त्यांनी मान वर केली. “उन्हात वाळवली होती हो. दोन दिवस.”

काझी हळूच म्हणाले, “दूध?”

“हो.”

“दही?”

“मधसुद्धा,” सर म्हणाले.

काझींच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की काय, मला आजही सांगता येणार नाही. मग ते कडाडले. “तुम्ही एम.एस्सी. फिजिक्स, सर! माझ्या अम्मीने केलं असतं तर मी समजू शकलो असतो! वर ती बाई—” आणि थांबले. एका म्हाताऱ्या माणसावर ओरडतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. “काढतो मी नळ्या,” ते म्हणाले. “यापुढे काही करायला नको.”

“माझा हिशेब बरोबर आहे,” मी म्हणाले.

“खात्री?”

“आहे.”

“मग तुमच्या एकटीच्या आकड्यावर चालवू? सही करता?”

मला हो म्हणता आलं नाही. माझी खात्री होतीच, पण त्या टेबलावर पलीकडे बसलेल्या माणसालाही तासाभरापूर्वी खात्रीच होती. दोघांपैकी एक जण चुकलेला आणि तो कोण हे दोघांनाही माहीत नाही, यासाठीच तर तो दंडक होता.

“सर, तुमचा कागद मी फाडला तर ताळा कुणाशी पाहू?” मी म्हणाले. “दुसरा माणूस कुठून आणू? सोलापूरहून?”

“माझा हात बघा.” त्यांनी पुढे धरला. पान हलावं तसा हलत होता.

“मग मी आकडे लिहून घेते, तुम्ही सांगा.”

“तसं केलं तर तो तुमचाच कागद झाला. दोन कुठे राहिले?” मी दंडक मोडायला निघाल्याबरोबर त्यांचा आवाज जुन्यासारखा करडा झाला. तो ऐकून मला धीर आला.

“बरोबर. म्हणून मी वर जाते. डॉक्टरही येतील. माझा कागद मी घेऊन जाते. तुम्ही एकटे बसा आणि पहिल्यापासून करा. फिल्म उचलण्यापासून.”

“शेटेबाई, मला जमणार नाही.”

“नाही जमलं तर वर येऊन सांगा. कौसाबाईला सांगा, मला नको.”

मी इतकं कठोर त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनीच मला नोकरी दिली होती. मी जिना चढताना काझी मागून आले.

कौसाबाईच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चेहरा रापलेला, गालफडं वर आलेली. सिस्टर रणनवरे तिचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरून उभ्या होत्या, हलू नयेत म्हणून. मी उशाशी बसले. तिने माझा हात पकडला तशी माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या.

“बाई, तुमचं यंत्र दसऱ्याला सोनं लुटाया गेलं का? अजून येईना.”

“येतंय. कुलूप अडकलंय त्याचं.”

“दवाखान्याच्या यंत्राला कुलूप काहून?”

“चोरी होऊ नये म्हणून.”

“एवढं धूड कोण चोरतंय?”

“यंत्र नाही, माय. त्याच्या आत हिशेबाची अक्कल भरलेली असते. ती दुसरा दवाखाना उतरवून घेईल, म्हणून.”

तिने डोळे मिटले. कळ येऊन गेली. सिस्टर म्हणाल्या, “श्वास सोड, सोड.” कळ गेल्यावर ती म्हणाली, “उतरवून नेली तर तुमच्यातली कमी व्हती का?”

“नाही. आपल्यात तेवढीच राहते.”

“आन् तितल्या बाया बऱ्या व्हत्यात?”

“होतील की.”

“मंग ही चोरी कशी काय म्हणायची?”

“ज्याने बनवलं त्यालाही पोट आहे ना,” मी म्हणाले.

“हां. ते बी खरंय,” ती म्हणाली आणि परत तिने माझा हात आवळला. “पर पोट आमाला बी हाय.” एवढ्यात तिला हसू आलं, हसल्याने नळ्या हलतील म्हणून सिस्टर रागावल्या, आणि हसू दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मी पदराने टिपलं.

“बाई, आज काढून टाकल्या तर मी परत यायची नाय. खरं सांगते. माझ्यात तेवढा जीव नाय. अन् त्यांच्यात बी नाय.” दाराकडे बघत म्हणाली. बाहेर पायरीवर बाजीरावच्या मुंडाशाचा शेमला तेवढा दिसत होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले. सिस्टरांनी काझींकडे पाहिलं. “डॉक्टर, काढायची तयारी करू?”

काझी खिडकीपाशी उभे होते. “ते घड्याळ पुढे आहे, सिस्टर,” ते म्हणाले.

सिस्टरांनी दर सोमवारी स्वतः लावलेलं घड्याळ होतं ते. पुढे वाकून त्यांनी पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाल्या, “अजून घट्ट आहेत.” काझींनी तिला आणखी एक इंजेक्शन दिलं. कुणी घड्याळाकडे बघेना.

जिन्यावर धोतराची सळसळ ऐकू आली. सर कठडा धरून एकेक पायरी चढत होते. दारात थांबून दम घेतला. कागद माझ्याकडे दिला नाही, काझींकडे दिला. तेही दंडकाप्रमाणेच. मग मी माझा दिला.

काझींनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर शेजारी धरले. त्यांचं बोट एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर जात होतं. मी कौसाबाईचा हात सोडला नव्हता, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बाजूची फिल्म उलटी ठेवली होती मी,” सर म्हणाले. “पुढचं मागे झालं, मागचं पुढे. मूत्राशयाला आतडं समजून मोजत होतो.”

“जुळतंय,” काझी म्हणाले. “दशांशाचा फरक. जुळतंय!”

सरांनी कमरेची चावी काढून माझ्या हातात ठेवली. स्वतः खाली आले नाहीत.

मशीनच्या खोलीत तिला एकटीलाच राहायचं होतं. जाड दार लागलं. बाहेरच्या छोट्या टीव्हीवर ती करडीपांढरी दिसत होती, दोन्ही हात छातीवर. दाणा आत गेल्याचा दिवा लागला. सेकंद उलटे मोजले जात होते. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी, किंवा टोळीतल्या पोरांची. मी काहीही म्हणत नव्हते. मी फक्त आकडे वाचत होते, एकेक जागा, एकेक सेकंद, दोन्ही कागदांवर बोट ठेवून.

दार उघडलं तशी तिने विचारलं, “झालं?”

“झालं.”

“काहीच कळलं नाय की,” ती म्हणाली. तिला जरा फसवल्यासारखं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ट्रकने ती गेली.

नवी किल्ली यायला दिवाळी उलटली. मधल्या काळात आलेल्या सगळ्या बायकांचे हिशेब आम्ही हाताने केले, दोन टेबलांवर. सरांनी एकदाही चूक केली नाही. किल्ली आली तेव्हा पार्सल त्यांनी मलाच उघडायला लावलं आणि चैत्रात राजीनामा दिला. कंपनीला त्यांनी खरं कारण कळवलं होतं, लपवलं नाही. सबनीस पुढे कधी भेटला की विचारायचा, “सर कसे आहेत? मध कुठला होता?” पण वाईट अर्थाने नाही. पुढच्या खंडेनवमीला खात्यात मशीन चालवणाऱ्या मुलांनी पूजा केली, तेव्हा आग्रहाने बोलावल्यामुळे सर आले आणि प्रसादापुरतेसुद्धा आत न येता पडवीतच उभे राहिले. २००४ साली झोपेतच गेले.

डॉ. काझी औरंगाबादला गेले, मग मस्कतला. आता निवृत्त आहेत, ईदला त्यांचा फोन येतो. सिस्टर रणनवरे श्रीरामपूरला भावाकडे राहिल्या आणि तिथेच वारल्या. माझ्या शेवटच्या वर्षांत आम्ही कोडवालं सॉफ्टवेअर घेतलं. एका वळवात वीज पडून संगणक जळला. नवा आणला, कोड मागायला फोन केला, तर ती कंपनी कधीच दुसरीने गिळली होती आणि जुन्या आवृत्तीचे कोड द्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं. मी परत आलेख कागद काढला. पण पलीकडच्या टेबलावर बसायला तेव्हा हाताने हिशेब येणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या रोग्यांना आम्ही सोलापूरला पाठवलं. मी आता लातूरला मुलीकडे असते.

कौसाबाई पाडव्याला तपासायला आली. काळवंडली होती, पण आजार नव्हता. पुढच्या पाडव्यालाही नव्हता, आणि त्याच्या पुढच्याही. आतड्याला काही झालं नाही. चौथ्या वर्षी बाजीराव एकटाच आला. काझी तेव्हा औरंगाबादला गेलेले होते, म्हणून तो खाली मला शोधत आला. उसाची भरलेली ट्रॉली पुलाच्या चढावर उलटली, त्यात ती सापडली, असं म्हणाला. माघ महिन्यात. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. चहा सांगते म्हटलं तर रस्त्यावर ट्रक उभा आहे म्हणाला.

“एवढं सांगायला वाकडी वाट करून आलास?”

“तुमी समद्यांनी त्या दिवशी लई केलं तिच्यासाठी,” तो म्हणाला. “तुमाला वाटाया नको म्हणून आलो. त्या आजारानं नाय गेली, बाई.”